बेरीज कोणी करायची?

‘फेब्रुवारीचा पगार’ या शब्दांना शिक्षकी पेशात एक वेगळाच अर्थ आहे. वर्षभराचा राहिलेला आयकर त्या एका महिन्यात वळता होतो. हातात किती पडणार याची चौकशी संक्रांतीपासूनच सुरू होते. मी एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात बरीच वर्षे पगारपत्रके केली, त्यामुळे हा महिना मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिला आहे. गृहकर्जाचे दाखले, विम्याच्या पावत्या, मुलांच्या फीच्या पावत्या असे सगळे कागद घेऊन माणसे येत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत, “भाऊसाहेब, किती कापणार?”

२०२३ च्या फेब्रुवारीत एक ज्येष्ठ प्राध्यापक असाच एक कागद घेऊन आले. बँकेतल्या मुदत ठेवींवर मार्चअखेरपर्यंत धरून ६२,००० रुपये व्याज आणि त्यातून ६,२०० रुपये टीडीएस, असे त्यावर होते. मी विचारले, “सर, हे व्याज पगारात मिळवून कर काढू का?” त्यांना माझा प्रश्नच समजेना. “अहो, बँकेने कापलाय की. आता परत कशाला?” त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. रांगेत मागे माणसे होती. मीही आग्रह धरला नाही.

जुलैत ते पुन्हा आले, या वेळी आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून छापून घेतलेले वार्षिक माहिती विवरण घेऊन. त्यात त्या ६२,००० च्या खाली आणखी एक ओळ होती : दुसऱ्या एका बँकेतले ३१,००० रुपये व्याज. तिथे रक्कम तेव्हाच्या ४०,००० च्या मर्यादेखाली असल्याने एक पैसाही कापलेला नव्हता. दोन्ही मिळून ९३,०००. सर जुन्या करप्रणालीत तीस टक्क्यांच्या टप्प्यात होते. उपकरासह ३१.२ टक्क्यांनी कर २९,०१६ रुपये, कापलेला ६,२००. म्हणजे २२,८१६ रुपये भरायचे, वर उशिराचे व्याज. सरांनी तो कागद माझ्यासमोर सरकवला आणि त्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. “भाऊसाहेब, सरकारला हे ठाऊक होतं, तर मला आधी कोणीच का नाही सांगितलं?”

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. आज मला वाटते की पगारदारांच्या बचतीवरच्या कराबाबत विचारण्यासारखा मूळ प्रश्न हाच आहे. व्याजावर कर असावा की नसावा, हा माझा वाद नाही. उत्पन्न झाले तर कर द्यावा, आणि ज्याचे उत्पन्न अधिक त्याने अधिक द्यावा, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप वसुलीच्या रीतीला आहे. कर ठरवण्यासाठी जी बेरीज लागते तिचे सगळे आकडे सरकारपाशी येतात. पण ती बेरीज वेळेत करण्याची जबाबदारी मात्र, आपला कर कापला गेला आहे असे समजून निश्चिंत बसलेल्या माणसावर टाकलेली आहे.

ही रीत कशी चालते ते आधी नीट पाहू. पगारदाराचा कर तीन वाटांनी सरकारकडे जातो. पहिली वाट पगाराची. मालक वर्षभराच्या पगारावर किती कर होईल याचा अंदाज बांधतो आणि सरासरी दराने दरमहा कापतो. ही पद्धत जुनी आहे, १९२२ च्या आयकर कायद्यातही ती होती. दुसरी वाट बँकेची. मुदत ठेवीवरचे व्याज ठरावीक मर्यादेच्या पुढे गेले की बँक त्यातून सरसकट दहा टक्के कापते, पॅन दिलेला नसेल तर वीस टक्के. तिसरी वाट स्वतः पगारदाराची. या दोन्ही कपाती वजा करून वर्षाचा १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर उरत असेल, तर त्याने १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च अशा चार हप्त्यांत आगाऊ कर भरायचा. न भरल्यास दरमहा एक टक्का या हिशेबाने व्याज लागते.

मालकाला बँकेतले काही कळत नाही. बँकेला पगार किती ते कळत नाही. एका बँकेला दुसऱ्या बँकेतल्या ठेवी दिसत नाहीत. आगाऊ कर म्हणजे व्यापाऱ्यांचे काम, अशी बहुतेक नोकरदारांची समजूत असते. ज्याचा कर दरमहा आपोआप जातो त्याला आणखी एक कर आपण होऊन, तारीख लक्षात ठेवून भरायचा आहे, हे सुचावे तरी कसे? तिन्ही वाटा जिथे एकत्र यायला हव्यात तिथे कोणीच उभे नाही. पगारदार माणूस तिथे पोहोचतो तो पुढच्या जुलैत, विवरणपत्र भरताना. तोवर वर्ष संपून चार महिने झालेले असतात.

बँकांच्या मुदत ठेवींवर आजची करकपात १९९५ च्या जुलैपासून सुरू आहे. मर्यादा तेव्हा शाखेगणिक मोजली जाई. लोकांनी लगेच वाट काढली : एकाच बँकेच्या चार शाखांत चार ठेवी. स्टेशनजवळच्या शाखेत एक, पेठेतल्या शाखेत एक, मुलीच्या कॉलेजजवळ एक. त्यात कर बुडवण्याचा हेतू दर वेळी असे, असे मी म्हणणार नाही. पुष्कळांचा हेतू एवढाच होता की कापून गेलेले पैसे परत मिळवण्याची यातायात नको. १ जून २०१५ पासून संगणकाने जोडलेल्या बँकेच्या सर्व शाखांचे व्याज एकत्र धरायचे ठरले. आवर्ती ठेवी त्याच दिवसापासून कक्षेत आल्या आणि सहकारी बँकांतल्या सभासदांच्या मुदत ठेवीही. मर्यादा पुढे १०,००० वरून ४०,००० झाली आणि एप्रिल २०२५ पासून ५०,०००, ज्येष्ठ नागरिकांसाठी एक लाख.

मर्यादा वाढली की वर्तमानपत्रांत ‘ठेवीदारांना दिलासा’ असे मथळे येतात. करदर घटला तर तो दिलासा खरा. इथे करदर कमी झालेला नाही. ४५,००० रुपये व्याजावर पूर्वी बँक कापत होती, आता कापत नाही, एवढाच फरक. द्यायचा कर तितकाच आहे. बँकेने कापायचा थांबवला म्हणून तो आता माणसाने स्वतः आठवणीने भरायचा. ज्याच्या उत्पन्नावर करच लागत नाही, त्याला या वाढीचा खरा उपयोग होतो. करपात्र पगार असलेल्याला मात्र एक इशारा मिळत असे, तो बंद झाला. पासबुकातल्या टीडीएसच्या ओळीने निदान आठवण तरी व्हायची की या पैशाला कर आहे.

आता त्या दहा टक्क्यांकडे पाहा. हा दर कोणाच्या मापाचा आहे? आर्थिक वर्ष २०२५-२६ मधल्या नवीन करप्रणालीचे टप्पे घेऊ : चार लाखांपर्यंत शून्य, आठपर्यंत पाच टक्के, बारापर्यंत दहा, सोळापर्यंत पंधरा, वीसपर्यंत वीस, चोवीसपर्यंत पंचवीस आणि त्यापुढे तीस. यात दहाचा टप्पा दिसतो खरा. पण एकूण करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्यच होतो. म्हणजे बाराच्या आत असलेल्याच्या व्याजावर दहा टक्के कापले तर ते सगळे परत मागायचे आणि बाराच्या पुढे असलेल्याच्या व्याजावर कापले तर ते अपुरे. जुन्या प्रणालीत टप्पे पाच, वीस आणि तीस टक्क्यांचे. तिथे दहा नाहीच. ठेवीवरच्या व्याजाच्या बाबतीत दहा टक्के हा बरोबर कर असेल असा पगारदार शोधून सापडणे अवघड आहे. कोणाच्याच अंगाला न बसणारा सदरा शिवायचा आणि त्यावर ‘कर कापला’ असा शिक्का मारायचा, असे हे झाले.

तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाची वीस लाखांची ठेव साडेसहा टक्क्यांनी धरा. व्याज १,३०,०००. बँक कापणार १३,०००. खरा कर उपकरासह ४०,५६०. उरले २७,५६०. हेच वीस लाख त्याने तीन बँकांत सारखे वाटून ठेवले असते तर प्रत्येकीत व्याज ४३,००० च्या आसपास झाले असते आणि कपात शून्य. कर मात्र तोच ४०,५६०.

याहून जास्त मन खाणारा हिशेब बारा लाखांच्या उंबरठ्यावरचा आहे. एक शिक्षिका घ्या. वर्षाचा पगार १२,६०,०००. नवीन प्रणालीतली ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ११,८५,०००. बारा लाखांच्या आत, म्हणून शाळेने पगारातून कर कापला नाही आणि ते नियमाला धरूनच आहे. त्यांच्या मुदत ठेवीवर ४०,००० रुपये व्याज आले. मर्यादा ५०,००० ची, म्हणून बँकेनेही कापला नाही. तेही नियमाला धरूनच. पण दोन्हींची बेरीज केली की उत्पन्न होते १२,२५,०००. कोष्टकाप्रमाणे कर ६३,७५० येतो. सुदैवाने कायद्यात सीमांत सवलत आहे, म्हणजे बारा लाखांच्या वर जितके उत्पन्न तितकाच जास्तीत जास्त कर. तो झाला २५,००० आणि चार टक्के उपकर धरून २६,०००. आगाऊ कर भरला नाही म्हणून चार हप्त्यांच्या चुकीचे व्याज १,३१३ आणि एप्रिल ते जुलैचे १,०४० रुपये. एकूण २८,३५३.

म्हणजे ४०,००० रुपये व्याज मिळाले आणि त्यातले २८,००० हून अधिक गेले. या बाईंनी काय चुकीचे केले? काही लपवले नाही. पगार बँकेत, ठेव बँकेत, पॅन दोन्हीकडे. शाळेचा हिशेब बरोबर, बँकेचाही बरोबर. तरीही वर्षभर त्यांना कर शून्य आहे असेच वाटत राहिले, कारण त्यांच्या हातात आलेला प्रत्येक कागद तेच सांगत होता. हे डिसेंबरात कळले असते तर त्यांना उपाय सुचले असते. जुनी प्रणाली आपल्याला परवडते का ते पाहता आले असते, निदान दंडाचे बरेचसे व्याज तरी वाचले असते. जुलैत कळण्याचा उपयोग फक्त पैसे भरण्यापुरता.

बेरजेत न दिसणाऱ्या जागा आणखीही आहेत. बचत खात्यावरच्या व्याजातून बँक काहीच कापत नाही, रक्कम कितीही असो. जुन्या प्रणालीत कलम ८०टीटीएखाली १०,००० रुपयांपर्यंतची सूट होती आणि आहे. नवीन प्रणालीत ती नाही. २०२३-२४ पासून नवीन प्रणालीच मूळ धरली जाते, म्हणून बचत खात्यावरचा पहिला रुपयाही उत्पन्नात येतो. सूट गेली ही गोष्ट मात्र पासबुक सांगत नाही. काही बँकांत बचत खात्यातली जास्तीची रक्कम आपोआप मुदत ठेवीत वळते. खातेदाराला ते बचतीचेच व्याज वाटते, कायद्याच्या नजरेत ते मुदत ठेवीचे असते आणि जुन्या प्रणालीतली सूटही त्याला मिळत नाही. संचयी ठेवीत व्याज हातात येते पाच वर्षांनी, पण बँक ते दर वर्षी जमा दाखवते आणि दर वर्षी त्यातून कापते. ज्याने पाचव्या वर्षी सगळे व्याज एकदम दाखवायचे ठरवले असेल, त्याचे आकडे सरकारी विवरणाशी चार वर्षे जुळत नाहीत.

आपल्याकडची आणखी एक जागा म्हणजे पगारदार नोकरांची पतसंस्था. गिरणीत, एसटीत, शाळांत, जिल्हा परिषदांत या संस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. दरमहा पगारातून वर्गणी जाते, अडीनडीला कर्ज मिळते, वर्षाला लाभांश आणि कायम ठेवीवर व्याज. सावकाराच्या दारात जाण्यापासून नोकरदाराला या संस्थांनी वाचवले, त्यांचे हे ऋण मोठे आहे. सभासदाला व्याज देताना कर कापण्याचे बंधन या संस्थांवर सहसा नाही. २०२० पासून ते ५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या मोठ्या संस्थांवरच आले. त्यामुळे ‘सोसायटीतलं व्याज’ म्हणजे करमुक्त व्याज, अशी समजूत घट्ट आहे. ती चुकीची आहे. कापत नाहीत याचा अर्थ लागत नाही असा होत नाही. आणि ती दुरुस्त करणारा माणूसही कुठे भेटत नाही, कारण संस्थेचा कारभारी सहकाराचा कायदा जाणतो, पगाराचा लेखनिक पगाराचा नियम जाणतो आणि सभासद दोघांवर विश्वास ठेवतो.

कापण्याबद्दलचा दुसरा गैरसमज याच्या अगदी उलट बाजूचा. एप्रिलमध्ये बँकेत गेले की काउंटरवरून सल्ला मिळतो, “१५जी भरून द्या, म्हणजे कापणार नाही.” तो फॉर्म ‘माझ्या एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे’ अशी प्रतिज्ञा आहे, आणि खोटी प्रतिज्ञा हा गुन्हा आहे. करपात्र पगार असलेली माणसे तो फॉर्म एखाद्या पावतीसारखा सही करून देताना मी पाहिली आहेत. ज्याचा कर खरोखर शून्य आहे तो मात्र फॉर्म द्यायला विसरतो, त्याचे दहा टक्के जातात आणि परताव्यासाठी त्याला विवरणपत्र भरावे लागते. ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्याकडून राहते आणि ज्याच्याकडून घ्यायचे नाही त्याच्याकडून घेतले जाते.

पूर्वी या सगळ्याला एक समर्थन होते : सरकारला कळणार तरी कसे? माहिती वहीत, वह्या शाखेत. म्हणून उगमाशी थोडेसे कापून ठेवायचे आणि बाकी माणसाच्या प्रामाणिकपणावर सोडायचे. हे समर्थन आता उरलेले नाही. २०२१ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक करदात्याला वार्षिक माहिती विवरण मिळते. पगार, व्याज, लाभांश, शेअरचे व्यवहार सगळे एका जागी, पॅनच्या धाग्यात ओवलेले. बँका ठेवीचे आणि बचत खात्याचे व्याज कळवतात. विवरणपत्रात हे आकडे आधीच भरून येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत प्रत्यक्ष कर मंडळाने जाहीर केले की बँकांनी कळवलेले व्याज आणि लोकांनी विवरणपत्रात दाखवलेले व्याज यांत तफावत आढळली आहे, तरी करदात्यांनी खुलासा करावा.

ही यंत्रणा उभी केली याबद्दल मला आदरच आहे. पण तिचा उपयोग होतो तो वर्ष सरल्यावर आणि जाब विचारण्यासाठी. जाब विचारायला जी माहिती पुरते, ती आधी सांगायला का पुरू नये? माझ्या सरांचा प्रश्न तरी दुसरा काय होता?

यावर जाणकार म्हणतात, पगारदाराने व्याजाचे उत्पन्न मालकाला कळवावे, तशी सोय कायद्यात आहेच. खरे आहे. बाहेरचे उत्पन्न कळवले तर मालक त्यावरचा करही पगारातून कापतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्यासाठी फॉर्म १२बीएए आहे आणि बँकेने कापलेल्या कराचे श्रेयही आता पगाराच्या हिशेबात मिळते. ही चांगली सुधारणा आहे. पण टेबलाच्या या बाजूला बसून मी पाहिले आहे की माणसे सांगत नाहीत, आणि न सांगण्याचे कारण नेहमी कर चुकवणे हे नसते. आपल्या घरात किती शिल्लक आहे हे आपल्याच कार्यालयातल्या लेखनिकाला कळावे, असे कोणाला वाटेल? ४०,००० व्याज म्हटले की समोरचा मनातल्या मनात सहा-साडेसहा लाखांची ठेव मांडतो. मग हातउसने मागणारे येतात, पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याचा आग्रह होतो. एका बाईंनी मला स्पष्ट सांगितले होते, “ही ठेव माझ्या सासरी माहीत नाही, भाऊसाहेब. कागदावर कशी लिहू?” स्त्रीची साठवण हा आपल्या घरांतला जुना आणि नाजूक विषय आहे. डाळीच्या डब्यातून ती आता बँकेत आली, एवढाच बदल. कर भरण्यासाठी तिने ती साठवण कचेरीत उघडी करावी ही अट मला बरी वाटत नाही.

याला तोड निघू शकते, आणि ब्रिटनने ती काढलेली आहे. तिथेही २०१६ च्या एप्रिलपूर्वी बँका व्याजातून सरसकट २० टक्के कापत. ६ एप्रिल २०१६ पासून ती कपात थांबली आणि मूळ दराने कर देणाऱ्याला वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचे, त्यावरच्या दराच्या माणसाला ५०० पौंडांपर्यंतचे व्याज करमुक्त झाले. बँका व्याज महसूल खात्याला कळवतात आणि ते त्याहून अधिक असेल तर खाते त्या नोकरदाराचा ‘टॅक्स कोड’ बदलते. हा कोड म्हणजे काही अंक आणि एखादे अक्षर. मालकाला कळते ते एवढेच की या माणसाचा कर या कोडाने कापायचा. तो का बदलला, ठेव आहे की आणखी काही, हे त्याला कळण्याचे कारण नाही. माणूस बँकेत मोकळा, कार्यालयात झाकलेला आणि कर पगाराबरोबर महिन्यामहिन्याला गेलेला.

ही पद्धत निर्दोष नाही. खाते यंदाच्या व्याजाचा अंदाज गेल्या वर्षीच्या आकड्यावरून बांधते. ज्याने मधल्या काळात ठेव मोडून घर घेतले, त्याच्या पगारातून नसलेल्या व्याजाचा कर जाऊ लागतो. त्याला ते कळवून कोड दुरुस्त करून घ्यावा लागतो. म्हणजे चूक तिथेही होते. पण ती पहिल्या-दुसऱ्या महिन्याच्या पगारात डोळ्यांना दिसते आणि वर्ष चालू असतानाच सुधारता येते. आपल्याकडची चूक वर्षभर झाकलेली राहते आणि दिसते तेव्हा तिच्यावर व्याज चढलेले असते.

जर्मनीने २००९ पासून आणखी वेगळा मार्ग धरला. ठेवींच्या उत्पन्नावर बँकेनेच २५ टक्के कापायचे आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच संपला. सोपे आहे, पण मला आपल्याकडे ते नको वाटते. सर्वांना एकच दर म्हटला की मोठ्या पगाराच्या माणसाला सवलत मिळते आणि लहानाला जास्त पडते. बँकेची कपात दहावरून तीस टक्के करण्याची सूचनाही याच कारणाने वाईट. ज्याचा कर शून्य आहे अशा शिपायाचे तीस टक्के वर्षभर अडकवून ठेवणे हा त्याच्या निवृत्तीच्या पुंजीवर घाला होईल.

मग काय व्हावे? आयकर खात्याच्या संकेतस्थळावर एप्रिल-मेमध्ये प्रत्येक पगारदाराला एक पान दिसावे : गेल्या वर्षी तुमचे सर्व बँकांतले व्याज इतके होते, यंदाही तितकेच धरले तर तुमच्या पगारातून दरमहा इतके रुपये जास्त कापावे लागतील. हे मान्य करायचे, आकडा बदलायचा, की नाकारून आगाऊ कर स्वतः भरायचा, हा निर्णय त्याचा. मान्य केले तर मालकाकडे जावा फक्त रुपयांतला एक आकडा, त्यामागचे कारण नव्हे. ज्याचा कर शून्य निघतो त्याच्या बँकेला खात्यानेच कळवावे की इथे कापू नका, म्हणजे दर एप्रिलची ती प्रतिज्ञा संपेल. आणि जे व्याज खात्याच्या नोंदीत वेळेत आले होते पण ज्याची बेरीज करदात्याला वेळेत दाखवली गेली नाही, त्यावरच्या आगाऊ कराच्या चुकीचे दंडव्याज पगारदाराला माफ असावे.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की नागरिकाने आपले उत्पन्न आपण मोजावे, यातच त्याची सज्ञानता आहे. मला हे तत्त्व प्रिय आहे. पण मग पगाराच्या बाबतीत आपण तेच तत्त्व शंभर वर्षांपूर्वी का सोडले? कारण दरमहा थोडे थोडे देणे माणसाला झेपते आणि सरकारलाही खात्रीचे पडते. ते कारण व्याजाला अधिकच लागू आहे. शिवाय मी मांडलेल्या रीतीत मोजणे सुटत नाही. आकडा समोर ठेवून होय किंवा नाही म्हणणे हे अंधारात चाचपडण्यापेक्षा जास्त सज्ञानपणाचे आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. बँका वर्षाचे व्याज पूर्णपणे कळवतात ते मेअखेर, मग चालू वर्षात त्याचा काय उपयोग? टीडीएसची पत्रके बँका आजही दर तिमाहीला भरतातच. उरलेले व्याजही त्याच चालीने कळवता येईल, आणि तोवर गेल्या वर्षीचा आकडा अंदाजाला पुरतो. तिसरा आक्षेप गंभीर आहे : सरकारने आपल्या पगारात असा हात घालावा का? माझे म्हणणे असे की आकडा सरकारकडे पोहोचला आहे, तो परत येणार नाही. तो आपल्या पाठीमागे वापरला जावा की आपल्या डोळ्यांसमोर, एवढेच आता ठरवायचे आहे. म्हणून संमतीची अट मी सर्वात महत्त्वाची मानतो. न विचारता कापू नये, आणि सांगितल्याशिवाय दंडही करू नये.

१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा, २०२५ चा, लागू होतो आहे. भाषा सोपी केली, कलमांची संख्या घटवली, मागील वर्ष आणि आकारणी वर्ष अशी जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ आले. हे चांगलेच झाले. पण पगार एका वाटेने, व्याज दुसऱ्या वाटेने आणि बेरीज माणसाच्या माथी, ही मूळ मांडणी त्यातही तशीच आहे. भाषेची सुधारणा झाली, आता रीतीची व्हावी.

तोपर्यंत आपण काय करायचे, हे मला माझ्या जुन्या रांगेतल्या माणसांना सांगितले पाहिजे, कारण त्या फेब्रुवारीत मी ते पुरेशा आग्रहाने सांगितले नव्हते. ‘कापला’ या शब्दावर विसंबू नका. प्रत्येक बँकेतले, पोस्टातले, पतसंस्थेतले व्याज डिसेंबरात एका कागदावर मांडा. त्यात पगार मिळवा. बारा लाखांच्या जवळ असाल तर शंभर रुपयांचाही हिशेब ठेवा. उरणारा कर १०,००० च्या घरात जात असेल तर कार्यालयात सांगा, आणि सांगायचे नसेल तर आगाऊ कर भरा. १५ मार्चच्या आत भरलात तर दंडव्याजाचा मोठा भाग टळतो. आणि करपात्र पगार असताना कोणी १५जी पुढे केला तर सही करू नका.

त्या सरांनी जुलैत सगळा कर भरला. पुढच्या वर्षी डिसेंबरातच ते आपण होऊन टेबलाशी आले. हातात एक चिठ्ठी होती, दोन बँकांची नावे, दोन आकडे आणि खाली रेघ मारून केलेली बेरीज. मी ती त्यांच्या कागदांना टाचणी लावून जोडली आणि पगारपत्रकात तेवढा कर वाढवला. ते दोन्ही आकडे काही महिन्यांनी सरकारच्या संगणकातही दिसणारच होते. पण ते तिथून माझ्या टेबलापर्यंत आणण्यासाठी त्रेचाळीस पायऱ्या चढून आले होते ते सर.